घरच्या घरीं : ठशावर ठसा

दिवाळीस अद्याप महिन्याचा अवकाश आहे, म्हणूनच हा विषय या अंकीं घेत आहें. करंज्यांचें सारण आणि चकलीची भाजणी यांची चर्चा वसुबारसेच्या आदल्या आठवड्यांतही चालेल. पण ज्या वस्तूवर रंगाचे तीन थर चढवावयाचे, प्रत्येक थर नीट वाळूं द्यावयाचा आणि अखेर जी टपालाच्या स्वाधीन करावयाची, तिचा आरंभ आश्विन उजाडतांच झाला पाहिजे. ठशांनीं छापलेलें घरगुती शुभेच्छापत्र, हा आजचा विषय.

“पत्रें आतां धाडतो कोण?” असा प्रश्न आमच्याच घरांत निघाला, तेव्हां तो वाचकांच्या घरींही निघेल हें मी धरून चालतें. नरकचतुर्दशीच्या पहांटे अभ्यंगस्नान आटोपण्याच्या आंतच हातांतल्या फोनवर पणत्यांची रांग लागते. त्यांतील बहुतेक एकाच तोंडवळ्याच्या असतात. आपणच सकाळीं धाडलेली पणती तीन घरें हिंडून दुपारीं आपल्याच दारीं परत आल्याचा अनुभवही मला आहे. या पणत्यांवर माझा राग नाहीं. दूरच्या माणसाची आठवण कोणत्याही वाटेनें झाली तरी ती वाईट कशी म्हणावी? परंतु आठवण पुढें ढकलणें वेगळें आणि कोणाच्या आठवणींत एक संध्याकाळ घालविणें वेगळें. ठशांच्या पत्राला ती एक संध्याकाळ द्यावीच लागते, कारण रंग आपल्या घाईनें वाळत नाहीं.

सर्वांत स्वस्त ठसा भाजीच्या टोपलींत असतो. भेंडी आडवी चिरली कीं बहुधा पांच पाकळ्यांचें फूल उमटतें, हें शाळेंत जाणाऱ्या कोणत्याही मुलास ठाऊक आहे. बटाटा अर्धा चिरून त्याच्या सपाट अंगावर आकृति काढावी व भोवतालचा भाग पाव इंच खोल कापून टाकावा, कीं ठसा झाला. पण बटाट्याच्या अंगीं पाणी फार. चिरलेली बाजू फडक्यावर पालथी घालून दहाएक मिनिटें ठेवली नाहीं, तर रंग कागदावर पसरतो. शिवाय हा ठसा त्याच दिवसाचा सोबती. दुसऱ्या दिवशीं तो आक्रसतो आणि कालच्या छापावर आज बसत नाहीं. म्हणून एका रंगाचें काम असेल तरच बटाटा घ्यावा. थरांचें काम करावयाचें तर मोठें खोडरबर किंवा लिनोलियमचा तुकडा पाहिजे. लिनोलियम कडक लागलें तर थोडा वेळ उन्हांत ठेवावें, म्हणजे कोरणी सुखानें चालते. कोरणी नेहमीं अंगापासून दूर जाणारी असावी, आणि मोकळा हात तिच्या मागें असावा, पुढें कधींही नसावा. हें वाक्य मुलांकडून दोनदां म्हणवून घ्यावें. आमच्याकडे तें एका बोटाला टांका पडल्यावर म्हटलें गेलें.

कागद चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, खरखरीत अंगाचा घ्यावा. चकचकीत कागदावर गादीची शाई तासन्‌तास ओली राहते. नेहमीचा ए-४ आकाराचा ताव, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा, मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची पुन्हा घडी केली कीं हातांत मावेल असें पत्र तयार होतें. त्याचें वजन आठ ग्रॅमच्या आंत भरतें, तेव्हां पाकीट धरूनही तें साध्या टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यांत सुखानें बसतें. घडी घालण्यापूर्वीं पट्टी धरून विणकामाच्या सुईच्या बोथट टोकानें एक रेघ ओढावी. तशी न ओढल्यास जाड कागदाची कड फाटल्यासारखी दिसते. ही गोष्ट लहान आहे, पण पत्र घरचें कीं गबाळ्याचें हें तीच ठरविते.

आतां थर म्हणजे काय, तें पणतीच्या उदाहरणानें सांगतें. पहिला ठसा पणतीच्या नुसत्या आकाराचा, आंत एकही रेघ न कोरतां सपाट ठेवलेला. तो फिकट गेरूच्या रंगांत छापावा. दुसरा ठसा त्याच आकाराचा, परंतु ज्या अंगावर उजेड पडतो तें अंग कोरून काढलेला. तो विटकरी रंगांत छापला कीं कोरलेल्या जागीं खालचा गेरू तसाच राहतो आणि पणतीला एकाएकीं पोट येतें. तिसरा ठसा नुसत्या रेघांचा : कांठ, वात, बुडाशीं थोडी सावली; तो गडद तपकिरी. आकार, छाया आणि रेघ, असे हे तीन ठसे. ज्योतीला निराळा लहान ठसा करावा, म्हणजे तिचा पिवळा रंग मळत नाहीं.

हे तिन्ही ठसे एकमेकांशीं जुळावे कसे? पहिला ठसा कोरून झाला कीं त्याचा ओला छाप गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घ्यावा आणि तो तुकडा लगेच दुसऱ्या, अद्याप न कोरलेल्या ठोकळ्यावर दाबावा. आकृति पहिल्या ठशाप्रमाणेंच उतरते, आणि तिच्या मर्यादेंतच आपण कोरतों. तिसऱ्यासाठीं पुन्हां तेंच. तिन्ही ठसे अगदीं सारख्या मापाच्या लाकडी तुकड्यांवर चिकटवावे. मग पाटावर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनांत चिकटवून त्या कोनांत कागद बसवावा, आणि ठशासाठीं तसाच एक सुटा कोन कागदावर ठेवून त्याला टेकवून ठसा उतरवावा. कोन हलला नाहीं तर छापही हलत नाहीं. हल्लीं बाजारांत पारदर्शक ठसे मिळतात. कांचेसारख्या ठोकळ्यावर ते चिकटवून आरपार पाहत छापतां येतें. ज्यांना कोरण्याचा कंटाळा आहे त्यांनीं ते खुशाल घ्यावे.

फिकट रंग आधीं, गडद मागून, हा नवशिक्यांचा नियम. खालचा थर ओला असतांना वरचा दिला तर दोहोंचा मिळून चिखल होतो, म्हणून दोन थरांमध्यें निदान अर्धा तास जाऊं द्यावा, हवा दमट असेल तर अधिक. गादीच्या शाईंतही दोन जाती आहेत : एक कागदांत मुरणारी, ती लवकर वाळते पण उजेडानें फिकी पडते, दुसरी रंगाच्या बारीक कणांची, ती कागदावर बसते, वाळावयास वेळ घेते आणि टिकते. पत्र कोणी जपून ठेवील अशी आशा असेल तर दुसरी घ्यावी. शाईची गादी नसल्यास दह्याइतका दाट कालवलेला पोस्टर रंग बशींतल्या स्पंजावर पसरावा. ठसा रंगांत बुडवूं नये, स्पंजावर टिपावा.

अक्षरें कोरतांना एक फजिती ठरलेली. ठशावर जें सुलटें, तें कागदावर उलटें. आमच्या चिरंजीवांनीं ‘शुभ’ हा शब्द मोठ्या मेहनतीनें सुलटा कोरला आणि बारा पत्रांवर तो आरशांतला होऊन बसला. पातळ कागदावर पेन्सिलीनें शब्द लिहावा, कागद पालथा घालून नखानें घासावा, म्हणजे उलटें अक्षर आपोआप उतरतें. देवनागरीला शिरोरेघ आहे ही मोठी सोय. ती ठोकळ्याच्या कडेशीं समांतर आली कीं ओळ वांकडी होत नाहीं.

शुभेच्छापत्राचें मूळ पाहूं गेलें तर थोडी गंमत आढळते. लंडनमध्यें १८४३ सालीं हेन्री कोल या गृहस्थांना नाताळच्या पत्रांचीं उत्तरें लिहिण्यास वेळ पुरेना, म्हणून त्यांनीं जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें आणि त्याच्या एक हजार प्रती शिळेवर छापून, हातानें रंगवून, एकेक शिलिंगास विक्रीस ठेवल्या. चित्रांत मध्यभागीं लहानथोरांसह एक भरलें कुटुंब, आणि दोन्ही बाजूंस भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देणारीं माणसें आहेत. कुटुंबाच्या हातीं मद्याचे पेले, त्यांतला एक चक्क मुलाच्या ओठीं. त्यावरून मद्यनिषेधवाद्यांनीं बराच गिल्ला केला. सांगावयाचा मुद्दा हा, कीं वेळ वांचविण्यासाठीं जन्मास आलेली ही वस्तु, आणि तिच्यावर वेळ घालवा असें मी आज आपणांस सांगत आहें.

परंतु ठशावर ठसा देऊन केलेल्या भेटचित्राची कुळकथा त्याहून जुनी आणि पूर्वेकडची आहे. जपानांत त्या काळीं चांद्र महिने चालत. कांहीं महिने तीस दिवसांचे, कांहीं एकोणतीसांचे, आणि त्यांचा क्रम दरसाल बदले. पंचांगाची संवय असलेल्यांस हें समजावून सांगावयास नको. दिनदर्शिका छापण्याचा अधिकार सरकारनें मोजक्यांनाच दिलेला असल्यामुळें एदो शहरांतील, म्हणजे आजच्या टोकियोंतील, रसिक मंडळी चित्रें छापवून घेत आणि मोठ्या महिन्यांचे आंकडे एखाद्या स्त्रीच्या वस्त्रावरील नक्षींत लपवून तीं नववर्षाला एकमेकांस भेट देत. १७६५ च्या नववर्षाला या देवघेवीला असा कांहीं भर आला, कीं तोंवर दोन-तीन रंगांवर भागविणारे कारागीर अनेक ठोकळ्यांनीं बहुरंगी चित्रें छापूं लागले. सुझुकी हारुनोबु हा त्यांतला अग्रणी चित्रकार. या चित्रांना ‘निशिकि-ए’, म्हणजे किनखापी चित्रें, असें नांव पडलें. त्यांची सारी मदार एका लहानशा युक्तीवर होती. प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यांत एक काटकोनी खांच आणि कडेला एक सरळ खांच ठेवलेली असे. कागदाचा कोपरा पहिलींत आणि कड दुसरींत बसविली कीं दहावा रंगही पहिल्या रंगावर चुकतां बसत नसे. आपल्या पाटावरील पुठ्ठ्याचा कोन म्हणजे याच खांचेचा गरीब नातलग.

आपल्या देशांत हीच विद्या कापडावर नांदली. जयपूरजवळील सांगानेर आणि बगरू येथील छिप्यांच्या ठोकळ्यांना निरनिराळीं नांवें आहेत : बाह्यरेषेचा तो ‘रेख’, आंतील रंग भरणारा तो ‘दत्ता’, आणि जमिनीचा रंग देणारा तो ‘गद’. तेथें रेख आधीं छापतात आणि रंग मागून त्यांत बसवितात. आपण घरीं रेघ शेवटीं देतों, कारण आपली रेघ खालच्या चुका झांकते. त्यांची रेघ पुढच्या रंगाला वाट दाखविते. हात तयार झाला कीं आपणही त्यांच्या क्रमानें करून पाहावें.

हा क्रम मला ठाऊक झाला तो पुस्तकांतून नव्हे. आमच्या आजेसासूबाईंपाशीं शिसवी लाकडाचे दोन ठोकळे होते. त्यांनीं त्या उशांचे अभ्रे आणि ताटावरचे रुमाल छापीत. १९९८ सालीं साताऱ्याच्या वाड्याची वाटणी झाली. थोरली पाती नोकरीच्या निमित्तानें पूर्वींच इंदूरला गेलेली होती. त्या वाटणींत जें व्हावयाचें तें सर्व झालें; तें येथें उगाळीत नाहीं. बंबापासून देवघरांतल्या समयांपर्यंत सर्व जिनसांची यादी झाली, आणि तींत ‘लाकडी ठसे, नग २’ अशी एक ओळ होती. नग दोन, वांटेकरी दोन. एक इकडे राहिला, एक तिकडे गेला. पुढें पत्रव्यवहार थांबला. मृत्यूची बातमी तेवढी फोनवरून कळे.

२०२२ च्या आश्विनांत मुलांनीं बटाट्याचे ठसे करतां करतां माळ्यावरच्या पेटींतून हा ठोकळा काढला आणि त्याची कोयरी कागदावर उमटविली. ती पोकळ होती. नुसती रेघ, आंत कांहींच नाहीं. माझी पुतणी तींत कुंचल्यानें रंग भरावयास बसली तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “अगं, थांब. तो अर्धा ठसा आहे. आंतला रंगाचा ठोकळा वेगळा असतो, तो जाऊबाईंकडे गेला.” चोवीस वर्षें आमच्यापैकीं कोणास हें ठाऊक नव्हतें, आणि ज्यांना ठाऊक होतें त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

पुतणीनें लगेच सुचविलें, कीं आपण रेघ छापून पत्रें इंदूरला धाडावीं आणि रंग त्यांनीं भरावा. यावर रात्रीच्या जेवणावेळीं वाद झाला. “आधीं त्यांनीं लिहावें,” असें घरांतील पुरुषमंडळींचें मत पडलें; खरें सांगावयाचें तर माझेंही तसेंच होतें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. सकाळीं त्यांनीं सहा पत्रें स्वतः समोर बसून छापून घेतलीं आणि बरोबर चार ओळी लिहिल्या : “जाऊबाईंस शि. सा. नमस्कार. रेघ आमच्याकडची आहे, रंग तुमच्याकडचा भरावा. तीन तुम्ही ठेवावीं, तीन इकडे धाडावीं. दिवाळीचा नमस्कार.”

दिवाळी गेली, तुळशीचें लग्न झालें, उत्तर नाहीं. पुरुषमंडळींना बोलावयास जागा झाली. मार्गशीर्षांत एक जाड पाकीट आलें. आंत तीन पत्रें, कोयरींत राणी रंग भरलेला, पण तिन्हींवर तो दोन-तीन सूत डावीकडे सरकलेला. पाठीमागें थोरल्या सासूबाईंचें मोडकें अक्षर : “रंग सुटला आहे. डोळ्यांना आतां कड दिसत नाहीं. ठोकळा टपालानें पाठविणार नाहीं. तुम्ही यावें.”

पुढच्या मे महिन्यांत सासूबाईंना घेऊन आम्ही गेलों. पहिला अर्धा दिवस इंदूरचें ऊन आणि साताऱ्याचें पाणी यांवरच संभाषण चाललें होतें. दुपारीं चहा झाल्यावर थोरल्या सासूबाईंनींच ठोकळा मागविला. आमचा ठोकळा त्यांनीं हातीं घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग तो नाद सोडून कडेवरून नुसतें बोट फिरविलें, आणि विचारलें, “येथला टिंब कोठें गेला?”

त्या टिंबाची हकीकत अशी. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्यांत मोहरीएवढा उंचवटा असतो. तो छापाबरोबर कागदावर एक ठिपका उठवितो, आणि दुसऱ्या ठोकळ्याचा कोपरा त्या ठिपक्यावर टेकवून रंग द्यावयाचा असतो. छिप्यांची जुळणीची खूण तीच. आमच्या पुतणीला तो ठिपका म्हणजे शाईचा डाग वाटला, म्हणून ती प्रत्येक छापापूर्वीं तो उंचवटा ओल्या फडक्यानें पुसून काढी, आणि वर शाईचें वाळलेलें कीट बसून तो जवळजवळ सपाट झालेला होता. आम्ही सहा स्वच्छ, बिनडागाचीं पत्रें धाडलीं. त्यांवर रंग बसवावयास कोणतीही खूण नव्हती. म्हणजे चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती, आमच्या टापटिपीची होती. सासूबाई “अगंबाई, मीच समोर बसलें होतें,” एवढेंच म्हणाल्या, आणि मग दोघी जावा कितीतरी वेळ हंसत होत्या. टांचणीनें कीट काढून त्या दिवशीं आम्हीं चाळीस कोयऱ्या छापल्या. ठिपका कोठें आला हें थोरल्या सासूबाई ओल्या शाईवरून नव्हे, तर पुतणीनें तेथें धरलेल्या नखावरून ओळखीत, आणि ठोकळा त्या नखाला टेकवीत. वाटणीचा विषय निघाला नाहीं असें नाहीं. रात्रीं निघाला, थोडा चढलाही. पण सकाळीं पुन्हां शाई कालवावयास सर्वजण होते.

तेव्हां वाचकांनीं आपल्या घरच्या ठशांवरही असा टिंब जरूर ठेवावा. घडीच्या आंत लपेल अशा कोपऱ्यांत ठेवला तर तो दिसतही नाहीं. लाकडी ठोकळा असेल तर काम झाल्यावर तो पाण्यांत बुडवूं नये, लांकूड फुगून तडकतें. ओल्या फडक्यानें टिपून, जुन्या दांत-ब्रशानें खांचा साफ करून, सावलींत वाळवावा आणि वर्षांतून एकदां गोडें तेल लावून ठेवावा. नवे ठोकळे तर छिपे आरंभींच कितीएक दिवस तेलांत मुरत ठेवतात.

आमचे दोन्ही ठोकळे आतां एकाच डब्यांत असतात. एक वर्ष साताऱ्याला, एक वर्ष इंदूरला, असें ठरलें आहे. यंदा पाळी इंदूरची. आमच्याकडे पुन्हां बटाटे आहेत.